रात्रपाळीचा पहारा

कुणी अत्याचार सोसून तगले की आपण त्यांना ‘चिवट’ म्हणतो आणि मोकळे होतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातील स्मिथफील्ड वस्तीच्या वाट्याला हे कौतुक भरपूर आले. लोकांच्या तोंडी तिचे नाव मात्र ‘डायनामाइट हिल’.

तिथला सेंटर स्ट्रीट म्हणजे वेस. पश्चिमेला गोरे, पूर्वेला काळे. वंशावरून वस्त्यांच्या हद्दी आखणे घटनाबाह्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1917 सालीच सांगितले होते. बर्मिंगहॅमने 1926 मध्ये बेलाशक तसाच कायदा केला. मग काळ्या कुटुंबांनी काय केले? पैसे मोजून जागा घेतल्या, अडवले तेव्हा कोर्टात गेले आणि जिंकलेही. त्यांपैकी मेरी मंक यांच्या बाजूने अपील न्यायालयाचा निकाल डिसेंबर 1950 मध्ये लागला. त्याच महिन्यात त्यांचे घर बाँबने उडवले गेले. शहर खाणींचे आणि पोलादाचे, तेव्हा डायनामाइटला तोटा नव्हता. पोलिसांना तेवढे आरोपी सापडत नसत.

म्हणून दिवसभर राबून आलेली माणसे रात्री पाळ्या लावून, मांडीवर बंदूक घेऊन आपापल्या गल्लीत पहारा देत. याला चिवटपणा म्हणायचे की पोलिसांचे काम फुकटात करणे? कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस याच टेकडीवर वाढल्या. वडील घरात बंदूक ठेवत, हे त्यांनी सांगितले आहे. लेकरांना ते नवलाचे वाटत नसावे.

मंकबाईंचा खटला लढणारे वकील आर्थर शोअर्स यांच्या घरावर 20 ऑगस्ट 1963 रोजी बाँब पडला. डागडुजी होते न होते तोच 4 सप्टेंबरला दुसरा. त्यात पत्नी जखमी झाली. पुढे 1968 मध्ये हेच शोअर्स शहराच्या कौन्सिलवर बसले, तिथवर पोचलेले पहिले काळे गृहस्थ.

दुसऱ्या स्फोटानंतर अकराव्या दिवशी सिक्स्टीन्थ स्ट्रीटवरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मेल्या. त्याबद्दल रॉबर्ट चँब्लिसला शिक्षा झाली ती 1977 साली. टेकडीवरच्या बहुतेक स्फोटांसाठी तर कुणाला कधी कोठडीत जावेच लागले नाही. चँब्लिसला त्याचे दोस्त कोणत्या नावाने हाक मारत? ‘डायनामाइट बॉब’.