बांबू कुणाचा?

दोस्तांनो, आज आधी एक कोडं. बांबू हे झाड की गवत?

'एवढं उंच गवत असतं का कुठं?' असं म्हणाल. पण असतं! ऊस, भात, गहू यांच्याच कुळातला हा बांबू. पावसाळ्यात कोंब वर येतो आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो.

याच कोड्यापायी एक गाव चांगलंच अडलं होतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. लेखा गावाजवळ म्हणून मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा. इथं ग्रामसभा मतदानानं निर्णय घेत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचं. फार वेळ जातो हो यात! (वर्गाच्या सहलीचं ठिकाण असं ठरवून बघा.) पण मग 'मला कुठं विचारलं होतं?' म्हणायला कुणालाच जागा उरत नाही. जंगलाची राखण करायची तर हे फार मोलाचं. कारण चोरून फांदी तोडणाऱ्याला सरकारी रखवालदार क्वचित दिसतो, शेजाऱ्याला मात्र रोज दिसतो.

२००६ साली वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्यात बांबू गौण वनउपज आहे, म्हणजे मध, मोहासारखाच गावाचा. पण १९२७ च्या जुन्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता! त्यामुळे गावानं बांबू विकायला काढला, तर वन खातं वाहतुकीचा परवाना देईना. आणि परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेणार कसा? हक्क कागदावर, बांबू जंगलात.

गावानं माघार घेतली नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. आता परवाना लिहिणार ग्रामसभाच! जुन्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू बाहेर पडायला मात्र २०१७ साल उजाडलं.

हाती हक्क आला म्हणून सगळं बेट साफ करून चालत नाही बरं का. बांबू तोडताना जून काठ्या काढायच्या आणि कोवळ्या ठेवायच्या, कारण पुढचे कोंब जगतात ते त्यांच्याच आधारावर.