अम्मी, तुम्ही बसा!

मनोरीला जायचं तर मार्वेहून खाडी ओलांडावी लागते. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्यावरून पाय जपून टाकावा लागतो. साठी ओलांडलेल्या बाईचा पाय तिथे खंबीर पडला तर मालाडचा बाजार, दवाखाना, लेकीचं घर सगळं तिच्या आवाक्यात. नाही तर कुणाला सवड होते याची वाट पाहत बसायचं.

आपल्या घरांत सून आली की सासूला प्रेमाने म्हणते, ‘अम्मी, तुम्ही बसा.’ पाण्याचा पेलासुद्धा हातात. बसून बसून मांड्यांची ताकद जाते आणि मग जमिनीवरून उठताना आधार लागतो. (गुडघे खरोखर निकामी झालेल्यांबद्दल मी बोलत नाही. नमाजला खुर्चीची सवलत त्यांच्यासाठीच आहे.)

घरकामाने हालचाल होते, पण ओट्याशी उभं राहून तोल सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालण्यासारखी हालचाल सुचवली. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग आपण विसरतोच.

घरीच पाहा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या बाईला दहा वेळाही जमलं नाही, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेजारी कुणीतरी हवंच. मोजायला नातवाला बसवा, तो अर्धवट उठलेलं धरत नाही.