बोलणं फुकट, वाचणं महाग!

सोमवारी सकाळी उठून मोबाइल हातात घ्यावा, तर सोसायटीच्या ग्रुपवर १४३ मेसेजेस! त्यातले चाळीस म्हणजे दवबिंदूवाल्या गुलाबांचे 'शुभ सकाळ'. वीस बर्थडे विशेस, आणि ज्याचा बर्थडे त्याचे वीस वेगवेगळे थँक्यू. होम लोनची एक जाहिरात. हळदीने काय काय बरं होतं याचे तीन व्हिडिओ. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका आणि सातव्या मजल्यावरचा आयटीवाला यांची खडाजंगी, जी पार्किंगवरून सुरू होऊन थेट दिल्लीच्या राजकारणात पोचलीय. आणि या सगळ्या ढिगाऱ्यात, रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी आलेला एकच कामाचा मेसेज : 'उद्या सकाळी सातपासून पाणी बंद.' तो सापडेपर्यंत तुमच्या डोक्याला शाम्पू लागलेला असतो!

अशा वेळी आपण काय करतो? 'लोकांना अक्कल नाही, बॉस' असं म्हणतो आणि ग्रुप म्यूट करून टाकतो. विषय संपला.

पण खरं सांगू? हे दुखणं अकलेचं नाहीच. हे दुखणं हिशोबाचं आहे. ग्रुपवर मेसेज टाकायला काही म्हणजे काही पडत नाही. वाचायला मात्र पडतं. दोनशे जणांच्या ग्रुपवर कुणी एक फॉरवर्ड ढकलला आणि प्रत्येकाची फक्त दहा सेकंदं गेली, तरी झाली दोन हजार सेकंदं. म्हणजे अर्ध्या तासापेक्षा जास्त! पाठवणाऱ्याची गेली दोन. उरलेलं बिल बाकीच्यांनी भरायचं. आता अशी फुकटची सोय मिळाल्यावर भलेभले सज्जनसुद्धा वाहवत जाणार नाहीत तर काय?

ग्रीन कार्डवाले वकील

हा हिशोब आजचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या तीस वर्षं आधी युजनेट नावाची चीज होती. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून ती १९७९मध्ये निघाली. फंडा सोपा : विषयवार ग्रुप, कुणीही लिहावं, कुणीही उत्तर द्यावं. परदेशात शिकायला-कमवायला गेलेल्या मराठी मंडळींचाही तिथे 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' अशा लांबलचक नावाचा कट्टा होता.

युजनेटवर दर सप्टेंबरला एक गंमत व्हायची. अमेरिकेतली कॉलेजं सुरू झाली की एफवायच्या पोरांना पहिल्यांदा इंटरनेट मिळायचं आणि ती ग्रुपवर नुसता धुडगूस घालायची. मग जुनी मंडळी त्यांना रीतभात शिकवायची, आणि थोड्या आठवड्यांत सगळं शांत. पण १९९३-९४च्या सुमारास एओएलसारख्या कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांसाठी युजनेटचं दार उघडलं. आता नवे लोक रोजच यायला लागले, आणि शिकवणारे तेवढेच! जुन्या लोकांनी त्या काळाला नाव दिलं, 'न संपणारा सप्टेंबर'.

त्यात १२ एप्रिल १९९४ हा दिवस उजाडला. अ‍ॅरिझोनातलं एक वकील जोडपं, लॉरेन्स कँटर आणि मार्था सिगल. त्यांनी ग्रीन कार्ड लॉटरीसाठी अर्ज भरून देण्याची जाहिरात एकाच झटक्यात पाच हजारांहून जास्त ग्रुपवर टाकली. ग्रुपचा विषय काय, वाचणारा कोण, काही न बघता. भारतात जन्मलेल्यांना तर त्या वर्षी ती लॉटरी लागूच नव्हती! लोक असे खवळले की उलट मेसेजेसच्या माऱ्याने त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रणा कोलमडली. जोडपं मात्र बिनधास्त. 'इंटरनेटवर पैसा कसा कमवावा' याचं पुस्तक लिहून मोकळं! पुढे १९९७मध्ये टेनेसी राज्यात कँटरची सनद गेली, आणि त्यामागच्या कारणांमध्ये ही जाहिरातबाजीसुद्धा होती.

या प्रकाराला 'स्पॅम' म्हणतात ते एका ब्रिटिश कॉमेडी स्केचवरून. १९७०च्या या मॉन्टी पायथॉनच्या स्केचमध्ये हॉटेलात काहीही मागवा, प्रत्येक डिशमध्ये डबाबंद मांसाचा 'स्पॅम' असतोच. शेवटी त्या गजरात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. नाव ठेवणाऱ्याला सलाम!

युजनेटचं पुढे काय झालं? जाणती माणसं एकेक करून निघून गेली. भांडून नाही, दार आपटून नाही. गुपचूप. २२ फेब्रुवारी २०२४ला गूगल ग्रुप्सनेही युजनेटवरचं नवं काही दाखवणं बंद केलं, आणि कारणांमध्ये स्पॅमचं नाव होतंच.

तीन प्रकारचे पाहुणे

ग्रुप बिघडवणारे सगळे सारखे नसतात, आणि इथेच बहुतेक अ‍ॅडमिन चुकतात. पहिला प्रकार दुकानदार. त्याला धंदा हवाय. हजारातून एकाने जरी क्लिक केलं तरी त्याची दिवाळी, कारण खर्चच नाही. त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही, दारच बंद ठेवावं लागतं.

दुसरा प्रकार कळलाव्याचा. म्हणजे ट्रोल. त्याला पैसे नकोत, त्याला तुमची चिडचिड हवीय. तुमचं उत्तर हीच त्याची मजुरी. १९९६पासूनची मायबोली असो की २००७मध्ये सुरू झालेलं मिसळपाव, मराठी नेटकरांना हा इसम चांगला ठाऊक आहे. त्याचा आयडी उडवला की दुसऱ्या दिवशी तोच नव्या नावाने हजर! त्यासाठी आपल्याकडे खास शब्दही तयार झाला : डु-आयडी, अर्थात डुप्लिकेट आयडी. का येतो तो परत परत? पुन्हा तेच. नवं नाव घ्यायला काही पडत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण तो प्रेमळ आहे. सकाळी पाचला उठून गुलाब पाठवणारे काका. 'बी निगेटिव्ह रक्त तातडीने हवंय' असा मेसेज कळवळून पुढे ढकलणारी मावशी. तो मेसेज तीन वर्षांपूर्वीचा असतो. पेशंट केव्हाच घरी गेलेला असतो, आणि ज्याचा नंबर त्यात आहे तो बिचारा अजून फोन उचलतोय. मग खरोखर कुणाला रक्त लागतं तेव्हा तो मेसेज आपण बघतही नाही. लांडगा आला रे आला! गुलाबांचा त्रास नुसता डोक्याला शॉट, पण हा त्रास जिवाशी खेळणारा.

बटण लांब गेलं तर?

जिवाशी म्हणजे किती? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण त्या संशयावरून जमावाने ठार मारले. अफवा पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत असणार, आपण लोकांना सावध करतोय. हातात मोबाइल होता, बटण समोर होतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढून टाकलं. जानेवारी २०१९मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. कंपनीच्या म्हणण्यानुसार फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटले. एप्रिल २०२०मध्ये पुढची पायरी : बऱ्याचदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. अशा मेसेजेसचा फैलाव ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं.

लोक एकाएकी शहाणे झाले का? अजिबात नाही. बटण थोडं लांब गेलं, एवढंच. माणसं तीच, फक्त खर्च वाढला.

हे आपल्याला नवीन नाही. एसएमएसच्या जमान्यात दिवाळी आणि न्यू इयरला फ्रीचे पॅक चालायचे नाहीत, प्रत्येक शुभेच्छेला पैसे पडायचे. आठवत नसेल तर मोठ्या भावंडांना विचारा. त्या दिवशी लोक फोनबुक उघडून नावं निवडायचे. ज्याला पाठवला, तो खरंच आपला माणूस असायचा!

पाणी आणि लक्ष

सगळ्यांच्या मालकीची गोष्ट फुकट असली की सगळे मिळून ती संपवतात. गावची विहीर असो की कुरण. पण कायम असंच होतं असं नाही, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी दाखवून दिलं. स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावरानं, स्पेनचे पाटाचे कालवे असं सगळं तपासून त्यांनी काढलेला निष्कर्ष मस्त आहे. जिथे वापरणारे स्वतः बसून नियम करतात, एकमेकांवर नजर ठेवतात, आणि चुकणाऱ्याला आधी छोटी आणि मग मोठी शिक्षा देतात, तिथे गोष्टी पिढ्यान् पिढ्या टिकतात. त्याबद्दल २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

लांब कशाला, अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, उसासारखी पाणी पिणारी पिकं नाहीत, आणि दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडून पिकं ठरवायची. हे गावाने स्वतः ठरवलं, आणि दुष्काळी गाव पाणीदार झालं. ग्रुपवर पाण्याच्या जागी आपलं लक्ष असतं. तेही मोजकंच, आणि बोअर मारणारे भरपूर!

नियमांचा अंमल एकाच माणसाने करावा असंही नाही. स्लॅशडॉट नावाच्या अमेरिकन साइटवर नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक भारी युक्ती निघाली. नेहमीच्या वाचकांपैकी काहींना अधूनमधून पाच गुण द्यायचे, तीन दिवसांत वापरले नाहीत तर गेले. चांगल्या प्रतिक्रियेला वर ढकला, वाईटाला खाली. पण ज्या चर्चेत तुम्ही स्वतः तोंड घातलंय, तिथे गुण वापरायचे नाहीत. खेळाडूने अंपायर व्हायचं नाही, सिंपल!

तुमचा ग्रुप वाचवायचाय? हे करून बघा

● दोन ग्रुप करा. एक 'सूचना', जिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितील. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपवर २०१८पासून आहे. दुसरा 'कट्टा', जिथे गुलाब, विनोद, क्रिकेट, काय हवं ते. गुलाबांवर बंदी नको, त्यांना वेगळी बाग द्या.

● नियम पाचच ठेवा आणि सगळ्यांना विचारून ठेवा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं काढा. न विचारता लादलेला नियम पहिल्याच दिवशी मोडतो.

● नव्या मेंबरला आत घेताना नाव आणि फ्लॅट नंबर विचारा. दाराशी एक पायरी असली की दुकानदार निम्मे तिथूनच परत जातात.

● काकांना चारचौघांत टोकू नका. त्यांना वेगळा मेसेज करा, जमलं तर जिन्यात गाठून बोला. 'काका, तुमचे मेसेज छान असतात, पण पाण्याची सूचना त्यात हरवते हो.' नव्वद टक्के काम इथेच होतं. नाही झालं तर मेसेज काढून टाका. २०२२पासून अ‍ॅडमिनला ते जमतं. तरीही नाही, तर आठवडाभर बाहेर. आधी छोटी शिक्षा, मग मोठी.

● कळलाव्याला उत्तर देऊ नका. 'तुला शेवटचं सांगतो' असं तर मुळीच नाही. मजुरी थांबली की मजूर दुसरं काम शोधतो.

● रक्त, हरवलेलं मूल, औषध अशा मेसेजवर तारीख नसेल तर पुढे पाठवायचा नाही. आधी त्या नंबरवर फोन करायचा. दोन मिनिटं लागतात, तेवढा खर्च करा.

● अ‍ॅडमिन दर सहा महिन्यांनी बदला. एकच माणूस राबला की एक तर तो कंटाळतो, नाही तर हिटलर होतो!

'अ‍ॅडमिन झालो आणि उद्या कुणी भलतंच काही टाकलं तर पोलीस मलाच धरतील' ही भीतीही बऱ्याच जणांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये यावर स्पष्ट सांगितलंय : मेंबरच्या मेसेजशी अ‍ॅडमिनचं साटंलोटं नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार ठरवता येत नाही. तेव्हा घाबरू नका, जबाबदारी घ्या.

कारण ग्रुप सोडून जाणारे आवाज करत नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई ग्रुप म्यूट करतात, कुणाला कळत नाही. नोटीस, बायलॉज यातलं ज्यांना खरंच कळतं ते रिटायर्ड वकील एक दिवस लिहायचे थांबतात, तेही कुणाला कळत नाही. कळतं ते एखाद्या रात्री दोन वाजता, लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलेलं असताना, जेव्हा ग्रुपवर हाक मारली जाते आणि कुणीच ती वाचत नाही.

मग फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी स्वतःला एक साधा प्रश्न विचारायचा. याला एक रुपया पडला असता, तरी पाठवला असता का? उत्तर 'हो' असेल, तर बिनधास्त पाठवा. तो मेसेज वाचण्यासारखाच असणार!