इमोला तांबडा की पिवळा?

स्पोर्ट्स कार म्हणून ज्या वेगवान व महागड्या मोटारगाड्या ओळखल्या जातात, त्यांच्या रंगांना शर्यतीच्या मार्गांची नावे देण्याची रूढी गेली काही दशके चांगलीच बोकाळली आहे. गाडी नुसती निळी असून भागत नाही. ती ‘एस्तोरिल निळी’ असावी लागते. करडी गाडी ‘नार्दो करडी’ होते, काळी गाडी ‘सेब्रिंग काळी’ होते. या रूढीविरुद्ध आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत. ज्या गाड्या आमच्या वेतनश्रेणीस सात जन्मांत परवडावयाच्या नाहीत, त्यांच्या रंगांची उठाठेव आम्ही का करावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, गाडी धनिकाची असली तरी शब्द कोणा एकाच्या मालकीचे नसतात. शब्द भ्रष्ट झाले म्हणजे त्याची झळ, गाडी नसलेल्यालाही लागते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इटलीत सान्तेर्नो नदीच्या काठी इमोला नावाचे गाव आहे व तेथे एक प्रसिद्ध शर्यतीचा मार्ग आहे. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने आपल्या एका तांबड्या रंगास ‘इमोला’ हे नाव दिले. ऑडी या दुसऱ्या जर्मन कंपनीने तेच नाव एका झगझगीत पिवळ्या रंगास दिले. होंडा या जपानी कंपनीने आपल्या एनएसएक्स गाडीच्या नारिंगी रंगास तेच नाव दिले. आता इमोलाचा रंग कोणता समजावयाचा? अमेरिकेतील डेटोनाची गत याहून निराळी नाही. बीएमडब्ल्यूचे डेटोना जांभळे, ऑडीचे करडे आणि फेरारीचे काळे! मलेशियातील सेपांग एका ठिकाणी कांस्यवर्णी, तर दुसऱ्या ठिकाणी निळे. एकाच कर्मचाऱ्याची जन्मतारीख तीन नोंदवह्यांत तीन प्रकारे आढळली तर कोणताही लेखापरीक्षक ती प्रकरणे परत पाठवील. रंगांच्या बाबतीत मात्र असला लेखापरीक्षक कोणी नाही.

विनोदाची परिसीमा कॅलिफोर्नियात गाठली गेली आहे. तेथे माँटेरेजवळ १९५७ साली सुरू झालेला लागुना सेका नावाचा मार्ग आहे. स्पॅनिश भाषेत या शब्दांचा अर्थ ‘कोरडे तळे’. ज्या तळ्यात पाणी नाही म्हणून त्याचे ते नाव पडले, त्याच्या नावाने बीएमडब्ल्यूने जो रंग काढला तो निळा! तळे आटले तरी निळाई उरली, असे म्हणून कवीने समाधान मानावे. आम्हांला ते जमत नाही.

रंगाला गावाचे नाव देऊच नये, असे आमचे म्हणणे आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. सकारण दिलेल्या नावाचा आम्ही आदरच करतो. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील इंटरलागोस हा मार्ग दोन मोठ्या जलाशयांमधल्या भूमीवर आहे, आणि नावाचा अर्थही तोच. म्हणून ‘इंटरलागोस निळा’ हे नाव शोभते. होंडाचा ‘ब्रुकलंड्स हिरवा’ हाही तसाच. १९०७ साली इंग्लंडात ब्रुकलंड्स येथे खास मोटारशर्यतींसाठी मार्ग बांधला गेला आणि हिरवा हा तर इंग्रजी शर्यतगाड्यांचा रंग. इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतीस कायद्याचा अडसर असल्यामुळे १९०३ ची गॉर्डन बेनेट स्पर्धा आयर्लंडमध्ये भरली व त्या हिरव्या भूमीच्या मानार्थ इंग्रज गाड्या हिरव्या झाल्या, अशी परंपरा सांगतात. त्या काळी फ्रान्सची गाडी निळी, इटलीची तांबडी, बेल्जियमची पिवळी असे. दुरून गाडी दिसली की ती कोणत्या देशाची ते प्रेक्षकास कळे. १९६८ पासून जाहिरातदारांचे रंग गाड्यांवर चढू लागले व ही व्यवस्था हळूहळू मोडली. तेव्हा इटलीतील इमोलास तांबडा रंग शोभतो, हे आम्ही मान्य करतो. पण मग पिवळ्या व नारिंगी इमोलाचे समर्थन कोणी करावयाचे?

प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, ही नावे म्हणजे त्या त्या मार्गांना वाहिलेली आदरांजली होय. हे म्हणणे आम्ही गंभीरपणे तपासून पाहिले. १९९४ साली इमोला येथे ३० एप्रिलला रोलंड रात्सेनबर्गर व लगेच दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, आयर्टन सेना असे दोन शर्यतपटू मृत्युमुखी पडले. याच सेनाने फॉर्म्युला वन स्पर्धेतील आपला पहिला विजय १९८५ साली पोर्तुगालमधील एस्तोरिल येथे भर पावसात मिळविला होता. त्याच्या कर्तृत्वाचा आरंभ व अंत ज्या दोन स्थळी झाला ती दोन्ही स्थळे आज रंगपत्रिकेवर शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि त्यांतून गिऱ्हाइकाने निवड करावयाची ती कशाची, तर आसनांच्या चामड्याशी कोणता रंग जुळेल याची! आदरांजलीत ज्याला ती वाहावयाची त्याचे स्मरण असते. येथे स्मरण नाही, केवळ नाद आहे. परकी, गोल, वेगाची झिंग आणणारी अक्षरे हवी होती, ती नकाशावरून उचलली, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. १८५९ साली उत्तर इटलीतील माजेंटा येथे मोठी लढाई झाली व त्याच सुमारास निघालेल्या एका नव्या रंगास ते नाव मिळाले. मग त्याविरुद्ध तुम्ही का ओरडत नाही? आम्ही म्हणतो, हा दाखला आमच्याच बाजूचा आहे. आज माजेंटा म्हटल्यावर त्या रणांगणावर पडलेला एक तरी शिपाई कोणास आठवतो काय? रंगाने गाव गिळून टाकले. उलट, इटलीतीलच सिएना या नगराचे नाव ज्या तपकिरी रंगास आहे, तो तेथल्या मातीचा रंग आहे. माती आहे तोवर नाव खरे आहे.

शिवाय ही नावे कामासाठी लागतात असेही नाही. कारखान्यात रंग मिसळणारा कारागीर क्रमांकावर चालतो. एस्तोरिल निळ्याचा क्रमांक ३३५, इमोला तांबड्याचा ४०५, लागुना सेका निळ्याचा ४४८. क्रमांक रुक्ष असेल, पण तो खोटे बोलत नाही. नाव लागते ते विक्रेत्याला.

आता हा प्रश्न घराजवळ आणू. नागपूर म्हटले की संत्रे, पैठण म्हटले की पैठणी, कोल्हापूर म्हटले की वहाण, एवढ्यावरच परप्रांतातले आपले शेजारी आपल्या गावांना ओळखतात. त्याचे आपणांस थोडे वाईट वाटते. पण ते संत्रे त्या मातीत पिकले, ते वस्त्र तेथील मागावरचे, एवढा दिलासा असतो. असल्या नावांच्या रक्षणासाठी आपल्या संसदेने १९९९ साली कायदाही केला. इमोलाच्या वाट्याला हाही दिलासा नाही. त्या डब्यात इमोलाचे काहीच नसते.

आपल्या भाषेतील रंगांची नावे पाहावी. आमसुली, अंजिरी, मोरपंखी, विटकरी, शेवाळी, अबोली. प्रत्येक नावामागे डोळ्यांनी पाहिलेली एक वस्तू उभी आहे. परंतु येथे आपणांसही सावध व्हावे लागेल. बदलीच्या गावी वाढलेल्या आपल्या मुलांनी अबोलीचे फूल पाहिले आहे काय? चेन्नईकडील बंधूंना ते ‘कनकांबरम’ या नावाने दारात मिळते. आम्हां दिल्लीकरांस दुर्मीळ. ज्या घरात आमटीत आमसूल पडत नाही, त्या घरातील मुलाला ‘आमसुली’ हा शब्द ‘नोगारो’ इतकाच पोकळ. वस्तूशी नाते तुटले की आपले शब्दही त्या रंगपत्रिकेत जाऊन बसतील, आणि तेव्हा दोष जर्मन कंपनीचा नसेल.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. गाडीवाल्यांनी रंगाला गावाचे नाव द्यावे, पण रंगपत्रिकेवर त्या नावाशेजारी एका ओळीत कारणही छापावे. कारण सांगता येत नसेल तर क्रमांकावर भागवावे. उद्या कोणी ग्रेटर नोएडातील बुद्ध मार्गाचे नाव एखाद्या करड्या रंगास दिले, तर त्याच्या यथार्थतेचा दाखला नोव्हेंबर महिन्यात आम्ही दिल्लीकर आनंदाने देऊ. आणि आपण, ज्यांना गाडी घ्यावयाची नाही, त्यांनी सुटीत गावी गेल्यावर मुलांच्या ओंजळीत अबोली ठेवून मग रंगाचे नाव सांगावे. परतताना पाव शेर आमसुलेही बांधून आणावीत.