नगावरची मजुरी

कलाक्षेत्रातील मजुरीचा विषय निघाला की चर्चा न्यूयॉर्क, अबुधाबी, फार तर कोचीपर्यंत जाते. पेणपर्यंत येत नाही. 2011 मध्ये ‘गल्फ लेबर’ या कलावंतांच्या गटाने अबुधाबीतील नियोजित गुगेनहाइम संग्रहालयावर बहिष्कार जाहीर केला. कारण होते तिथल्या बांधकाम मजुरांचे हाल. या गटातले मुंबईचे अशोक सुकुमारन यांना 2015 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने प्रवेश नाकारला. त्या लढ्याचे मोल कमी नाही. पण भोगावतीकाठचे पेण आणि हमरापूर, जोहे, कळवे ही गावे, जिथल्या गणेशमूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात, अशा चर्चेत येत नाहीत.

पहिला आक्षेप असा की हे साच्याचे काम, त्याला कला कसे म्हणावे? आक्षेप घेणाऱ्याने कारखान्यात तासभर उभे राहावे. साच्यातून निघते ती कच्ची मूर्ती. तिचे सांधे पॉलिशपेपरने घासायचे, तेव्हा पांढरी भुकटी केसांत, पापण्यांत, नाकात जाते. तोंडाला बांधलेला रुमाल हेच बहुतेकांचे संरक्षण. मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने आणि अखेरीस डोळ्यांची आखणी. आखणी करणारा श्वास रोखून बुबुळाची रेघ ओढतो. ती जराशी हलली तरी मूर्तीची नजर बिघडते आणि गिऱ्हाईक पुढच्या मूर्तीकडे वळते. शिवाय कलादालनात आवृत्तिक्रमांक घालून विकले जाणारे ब्राँझचे शिल्पही साच्यातच ओतलेले असते. तिथे साचा आड येत नाही! स्वामित्वहक्क कायद्याचे कलम 57 कर्त्याला आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा हक्क देते, स्वामित्वहक्क विकल्यानंतरही. पेणच्या मूर्तीवर नाव असलेच तर ते कारखान्याचे. मातीचा मूळ नमुना घडवणारा अनामिकच राहतो.

दुसरा आक्षेप सोवळा आहे: ही बाप्पाची सेवा, घरचा धंदा, इथे मालक-मजूर अशी भाषा शोभत नाही. घरची माणसे राबतात हे खरे. पण मागणी वाढली तसे बाहेरचे हातही लागले, आणि त्यांचा हिशेब नगावर होतो. सेवेला नगाचा दर नसतो. नात्यागोत्याचा आणि रूढीचा असाच आधार खोतांच्या जमीनदारीलाही, म्हणजे खोतीलाही, दिला जात होता. त्याला याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 असा संप करून उत्तर दिले. पेण-अलिबागच्या खारेपाटाला हा धडा नव्याने शिकवायला नको.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो दोन्ही बाजूंनी येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपी) मूर्तींविरुद्ध सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2025 रोजी त्यांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितले. त्याच वर्षी 9 जूनला अशा मूर्ती घडवण्या-विकण्याची वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला मोकळीक दिली नाही. कारखानदार म्हणतात, बंदीने मजुरांच्या पोटावर पाय येईल. पर्यावरणवादी म्हणतात, शाडूच्या मातीकडे वळा, रोजगार राहीलच. मजुराचा दाखला दोघेही देतात, दर कोणीच सांगत नाही.

खरी मेख तिथेच आहे. प्लास्टर मिनिटांत घट्ट होते. शाडू साच्यात हाताने दाबून बसवावा लागतो, सावलीत सुकवावा लागतो. पावसाळी हवेत तो दिवसचे दिवस ओला राहतो आणि सुकताना तडकतोही. वजन जास्त, म्हणून हाताळणी जपून. नगाचा दर तोच ठेवून माती बदलली तर दिवसाला कमी नग होतात आणि नदी वाचवण्याचा खर्च मजुराच्या खिशातून जातो. मुंबई महापालिकेने मूर्तिकारांना मोफत शाडू देऊ केला. त्यात मालाचा खर्च वाचतो, आखणीवाल्याच्या हातात त्यामुळे एक रुपयाही जास्त पडत नाही. शाडूचा आग्रह योग्यच आहे. तो अर्धवट आहे, एवढेच.

उरलेला अर्धा भाग कायद्यात आधीच लिहिलेला आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्याचे कलम 17 सांगत होते आणि त्याची जागा घेणारी 2019 ची वेतन संहिताही सांगते की नगाचा किमान दर ठरलेला नसेल, पण वेळेवरचा किमान दर ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही त्याहून कमी देता येत नाही. ‘गल्फ लेबर’च्या कलावंतांकडे नाकारायला स्वतःच्या कलाकृती होत्या, पेणच्या मजुराकडे तसे हत्यार नाही. ते गिऱ्हाइकाकडे आहे. शाडूचीच मूर्ती हवी, असे बजावणाऱ्या गणेशोत्सव मंडळांनी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी शाडूच्या नगाला घासणीची आणि आखणीची मजुरी किती, हेही विचारावे आणि तो आकडा पावतीवर लिहून घ्यावा.