परत जायचे आहे? आधी भाड्याने राहा

भारतात कायमचे परत जायचे ठरले की आपल्या मंडळींचे पहिले काम म्हणजे पुण्यात फ्लॅट बुक करणे. गणेशोत्सवात बटाटेवड्याच्या रांगेशेजारी बिल्डरचा स्टॉल हल्ली असतोच. माझे मत मात्र उलटे आहे. जाण्याआधी घर घेऊ नये. जाऊन वर्षभर भाड्याने राहावे आणि मग घ्यावे.

घर नेमके कुठे हवे, हे येथे अमेरिकेत बसून कळत नाही. आपल्या डोक्यातले पुणे हे आपण सोडून आलो त्या वर्षाचे असते. नोकरी हिंजवडीत लागेल की खराडीत, हे अजून ठरायचे असते, आणि ही दोन ठिकाणे शहराच्या दोन टोकांना आहेत. मुलांची शाळा तिसरीकडे, आईवडील चौथीकडे! उन्हाळ्यात सोसायटीला पाण्याचे किती टँकर लागतात, हे तर कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसते. ते एप्रिल-मे तेथे काढल्यावरच समजते.

"नाही पटले तर विकून टाकू" असे म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. दीड कोटीचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेदहा लाख. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे साडेसात लाख. एकूण अठरा लाखांवर गेले आणि ते विकताना परत मिळत नाहीत. शिवाय अनिवासी विक्रेत्याकडून घर घेणाऱ्याला कितीतरी जास्त कर कापून सरकारजमा करावा लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक बिचकते ते वेगळेच. तसाच फ्लॅट महिना चाळीस हजारांनी भाड्याने मिळाला, तर वर्षाचे होतात ४ लाख ८० हजार. म्हणजे त्या अठरा लाखांत साडेतीन वर्षांहून जास्त भाडे निघते.

"तोवर भाव वाढतील" हा माझ्या वडिलांचा दर रविवारी फोनवरचा मुद्दा. रुपयांत वाढतीलही. पण आपली शिल्लक डॉलरमध्ये आहे. २०१४ साली डॉलर सरासरी ६१ रुपयांच्या आसपास होता, २०२४ अखेर तो ८५ च्या वर गेला. म्हणजे वर्षाला सुमारे तीन टक्के भाववाढ त्यातच भरून निघाली. आणि परत गेल्यावर येथली सगळी शिल्लक लगेच मोडावी लागत नाही. परदेशात राहत असताना कमावलेले पैसे तेथेच ठेवायला फेमा कायद्याची परवानगी आहे.

पत्नीची हरकत मात्र मला खरी वाटते. आम्ही पुढच्या जूनमध्ये जाणार आहोत, मुलगी चौथीत जाईल. देश बदलायचा आणि वर्षाने पुन्हा घर बदलायचे, हे तिच्यावर ओझेच आहे. म्हणून आम्ही ठरवले की आधी शाळा पक्की करायची, भाड्याचे घर तिच्या जवळ घ्यायचे आणि पुढे विकत घेतानाही शाळा बदलायची नाही. परत जाऊन दोन वर्षांत पुन्हा इकडे आलेली कुटुंबे आपल्या ओळखीत आहेत. तेथे रिकामा पडलेला फ्लॅट सांभाळणे काय असते, ते त्यांनाच विचारा.

आईवडिलांना जिना चढवत नसेल आणि आजच लिफ्टचे घर हवे असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे वाट पाहू नये. पण भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला, तयार फ्लॅट घ्यावा. त्यावर जीएसटी नाही आणि ताबा कधी मिळेल ही चिंताही नाही. भावाला मुखत्यारपत्र द्यायचे तर त्या एका व्यवहारापुरतेच द्यावे.

बाकीच्यांना अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार पुरेसा आहे. तो नोंदवून मात्र घ्यावा.