अज्ञानाचा हेतू

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीस ‘अज्ञान’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द कानास कठोर लागतो. पण त्यामागील भूमिका संरक्षणाची आहे. ज्यास आपल्या कृतीचे परिणाम उमगत नाहीत त्याचे त्या कृतीने नुकसान होऊ नये, म्हणून भारतीय कायद्यात अज्ञानाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही. परदेशातील कायम रहिवासाच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते. जो हेतू मुलाने कधी बाळगलाच नाही तो त्याच्या नावे मांडला जातो, आणि त्या हेतूची किंमत त्याने सज्ञान झाल्यावर चुकवावी अशी अपेक्षा असते.

अमेरिकेचे उदाहरण घ्यावे. तेथील कायम रहिवासाचा परवाना, म्हणजे बोलीतले ‘ग्रीन कार्ड’, नावाइतका कायमचा नाही. धारक सलग एक वर्ष वा अधिक काळ देशाबाहेर राहिला तर पुनःप्रवेशासाठी नुसते ते कार्ड पुरत नाही; आगाऊ परवानगी काढली तरी ती साधारणतः दोन वर्षांपुरतीच असते. तथापि मुदतीहून मोठा प्रश्न हेतूचा आहे. धारक तात्पुरता बाहेर गेला की निवास सोडून गेला, हे त्याच्या मनात काय होते यावरून ठरवावयाचे. आणि घर, नोकरी, करभरणा, आप्तस्वकीय ही त्या मनाची बाह्य लक्षणे मानावयाची. प्रौढ माणसापुरते हे समजण्यासारखे आहे. परंतु पाच वर्षांच्या मुलाचा हेतू कोठे शोधणार? स्थलांतरविषयक अपील मंडळाने १९८० मध्ये याचे सरळ उत्तर दिले: आईच्या ताब्यातील मुलाला आईचाच हेतू लागू होतो. पुढे २०११ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापुढे एका इराणी तरुणाचे प्रकरण आले. त्याचे कुटुंब २००१ मध्ये इराणला गेले होते आणि तेथेच काही वर्षे अडकून पडले. न्यायालयाने तरुणाच्या बाजूने निर्णय दिला. पण तो आईबापांचा निवास सोडण्याचा हेतू शासनाला पुरेसा सिद्ध करता आला नाही म्हणून. अठरा वर्षांपर्यंत पालकांचा हेतू तोच मुलाचा, हे तत्त्व कायमच राहिले.

या तत्त्वाचा अर्थ एखाद्या मराठी घरात काय होतो, हे पाहण्यास कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही. थोरली मुलगी पुण्यात जन्मलेली, आईबापांबरोबर कायम रहिवासी म्हणून न्यू जर्सीस गेलेली. धाकटा तेथेच जन्मलेला, म्हणून जन्मतः नागरिक. आईबापांना नागरिकत्व मिळण्यापूर्वीच आजोबांच्या आजारपणासाठी कुटुंब परत येते आणि येथेच स्थिरावते. दहा वर्षांनंतर धाकट्यास तिकडच्या विद्यापीठात जाण्यास केवळ पारपत्र पुरते. थोरलीस परक्या विद्यार्थिनीप्रमाणे व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते. दोघे एकाच विमानाने परतली, एकाच घरात वाढली. परतण्याचा निर्णय दोघांपैकी कोणीच घेतला नव्हता. आईबाप निघण्यापूर्वी नागरिक झाले असते तर २००० सालच्या कायद्यान्वये थोरलीही अठरा वर्षांखालील म्हणून आपोआप नागरिक झाली असती. तिचे भवितव्य ठरले ते आजोबांच्या आजाराच्या मुहूर्तावर.

येथे एक बारकावा नजरेआड करण्यासारखा नाही. ज्या मुलास चौदा वर्षांपूर्वी कार्ड मिळाले, त्याने चौदावे वर्ष पूर्ण होताच पुन्हा नोंदणी करून स्वतःच्या बोटांचे ठसे द्यावे, असा त्याच देशाचा नियम आहे. म्हणजे ओळखीपुरते मूल चौदाव्या वर्षी स्वतंत्र व्यक्ती ठरते. हेतूपुरते मात्र ते अठरापर्यंत पालकांचे उपांग राहते. अधिकार देताना एकेका व्यक्तीच्या नावाने द्यावयाचा आणि काढून घेताना कुटुंबाच्या नावाने काढावयाचा, ही या व्यवस्थेतील खरी विसंगती होय. कुटुंब हेच एकक मानावयाचे असेल तर कुटुंबाने टिकविलेला हक्कही मुलास वारशाने मिळाला पाहिजे. व्यक्ती हे एकक मानावयाचे असेल तर व्यक्तीस बोलता येईपर्यंत थांबले पाहिजे. आजच्या रचनेत मुलाच्या वाट्यास दोन्हींतील तोटा तेवढा येतो.

हा पेच जोखण्यास मराठीच्या जुन्या महसुली भाषेतील एक जोडी उपयोगी पडते: मिरासदार आणि उपरी. मिरासदार हा गावचा कायमचा कुळवाडी. उपरी हा बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालापासून दख्खनच्या जमीनव्यवस्थेवर लिहिणाऱ्यांनी हा भेद नोंदविला आहे. दुष्काळ पडला, स्वारी आली, सारा डोईजड झाला की मिरासदारही गाव सोडून जाई. अशा माणसास ‘परागंदा’ म्हणत. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पांगलेला, विखुरलेला. परंतु परागंदा झाल्याने मिरास बुडत नसे. दरम्यान त्या शेतात उपरी राबत असला, तरी दीर्घकाळाने परतलेला मिरासदार, किंवा त्याचा वंशज, आपली मिरास मागू शके. तिच्यावरील देण्याघेण्याचा निवाडा मात्र करावा लागे. गाव सोडणे आणि गावाचा हक्क सोडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, एवढे त्या व्यवस्थेस कळत होते. मिरासीचे गोडवे गाण्याचे अर्थातच कारण नाही. तिची उब ज्यांना होती त्यांच्याहून ती ज्यांना नव्हती ते पुष्कळ होते, आणि लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनास ‘उपरा’ हेच नाव दिले ते उगाच नव्हे. तरीही बाप परागंदा झाला म्हणून लेकरू उपरे होत नसे, ही गोष्ट उरतेच.

साहित्याच्या अभ्यासकांनाही या प्रश्नाशी कर्तव्य आहे. देशांतराविषयीच्या आपल्याकडील लेखनात बोलतात ते बहुधा जाणारे आणि मागे राहिलेले वृद्ध. मूल असते, पण आईबापांच्या ओढाताणीचे निमित्त म्हणून: ते मातृभाषा विसरते याचे दुःख, किंवा ते परत येऊन रुळते याचे समाधान. त्याने परतीच्या प्रवासात काय गमावले याची नोंद कथेत जशी सापडत नाही तशीच खटल्याच्या कागदांतही सापडत नाही. दोन्हीकडे मुलाचे मन पालकांच्या मनावरून वाचण्याची एकच सवय आहे. समीक्षेने या सवयीस ‘कौटुंबिक संवेदनशीलता’ असे भारदस्त नाव दिल्याने ती क्षम्य ठरत नाही.

दुसरा मार्ग अशक्य आहे असेही नाही. कॅनडाच्या २००२ मध्ये अमलात आलेल्या कायद्यात हेतूची चिकित्सा मुळात बाजूस ठेवून दर पाच वर्षांत ७३० दिवसांच्या वास्तव्याचा हिशेब घातला आहे. तो हिशेब मुलासही तितकाच निर्दय ठरू शकतो. परंतु माणुसकीच्या कारणास्तव सूट देण्याची आणि ती देताना संबंधित मुलाचे हित पाहण्याची तरतूद कायद्याच्या कलमातच आहे. मूल आपण होऊन गेले नाही, हे निदान तेथे म्हणता येते.

आणि भारत? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानेही अज्ञान मुलास पालकाच्या मागोमाग ओढले: पालकाने घोषणा करून नागरिकत्व सोडले की त्याच्या अज्ञान अपत्याचेही ते संपते. पण त्याच कलमाने एक दार किलकिले ठेवले. सज्ञान झाल्यापासून एक वर्षाच्या आत त्या अपत्याने घोषणा केल्यास ते पुन्हा भारतीय नागरिक होते. कल्पना उत्तम, मुलाच्या हेतूसाठी थांबण्याचीच ती रीत होती. मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही सवलत पालकांनी रीतसर घोषणा करून नागरिकत्व सोडले असेल तरच लागू होते. पालकांनी परदेशाचे नागरिकत्व स्वीकारल्यामुळे त्यांचे भारतीय नागरिकत्व कायद्याने आपोआप संपले असेल, तर मुलास ती मिळत नाही. कलमाच्या शब्दांस धरून हा अर्थ योग्यच म्हणावा लागेल. दोष असेल तर तो कलमाच्या रचनेत आहे. व्यवहारात परदेशी नागरिकत्व घेणारे बहुतेक पालक दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे ते दार कोणासाठी उघडे राहिले आहे, हे विचारणे भाग पडते. ज्या थोड्यांसाठी ते उघडे आहे त्यांचे ते एक वर्ष अठराव्या वाढदिवसापासून मोजले जाते, साधारणतः शालान्त परीक्षा आणि महाविद्यालयाचे प्रवेश यांच्या धामधुमीत. आणि ते सुरू झाल्याची सूचना त्यांना द्यावी अशी जबाबदारी त्या कलमाने कोणावरही टाकलेली नाही.